कंबरेला किल्ल्या लावलेली बाई

मार्गशीर्ष लागला की आमच्याकडे गुऱ्हाळं पेटतात. आता साखर कारखाने झाले, ऊस ट्रकमधून निघून जातो; तरी उंब्रजच्या खाली, नदीच्या अंगाला दोन-तीन गुऱ्हाळं अजून तग धरून आहेत. दिवस कलला की त्यांचा धूर जमिनीला चिकटून गावात शिरतो आणि धुरामागून उकळत्या रसाचा वास येतो. या वासाने लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या मात्र छातीत जळजळतं. केस पिकले, दात गेले, ज्यांच्यावरून जळावं ती माणसंही उरली नाहीत; पण वास आला की आधी जळजळ होते आणि ती कशाची, हे मागाहून आठवतं.

ती दोन बायकांची आहे. एक चित्रातली, हजार-बाराशे वर्षांपूर्वीची. दुसरी खरी, हाडामांसाची, पण समुद्रापलीकडची. पहिलीला मी चित्रात पाहिलं. दुसरीला तेवढंही नाही.

लढाई नुकतीच संपली होती, त्या सालचा तो हंगाम. माझे यजमान मराठा पलटणीत नाईक होते. नाईक हा पलटणीतला हुद्दा, साध्या शिपायाच्या वरचा. पण गावाने त्यांचं तेच नाव करून टाकलं होतं. मीही इथे नाईकच म्हणते. त्यांचं नाव घ्यायची माझ्या जिभेला कधी सवय लागली नाही, आणि आता लावायची तरी कुणासाठी?

लग्नाच्या हळदीचे डाग लुगड्यावरून गेले नव्हते, तोवर ते बोटीवर चढले. आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांची तुकडी वेढ्यात सापडली. आधी बेपत्ता असल्याची तार आली. पुढे पुष्कळ महिन्यांनी, ते जिवंत आहेत आणि समुद्रापार शत्रूच्या मुलखात कैदेत आहेत, असं एक कार्ड आलं. सासूबाई त्या कार्डाला देवापुढे ठेवून रोज हळदकुंकू लावायच्या. शेवटी त्यावरची अक्षरं कुंकवाखाली दिसेनाशी झाली. मी माहेरी सातवीची परीक्षा पास झालेली. ते कार्ड मला पाठ होतं. त्यात माझ्यासाठी एक शब्द नव्हता, हेही पाठ होतं. सासूबाई म्हणायच्या, पलटणीतली कार्डं सगळ्यांना सारखीच असतात, त्यात कुणाची बायको मावत नाही.

कार्तिकातल्या एका दुपारी मी अंगणात शेंगा वाळत घालत होते आणि नाईक स्टेशनापासून चालत आले. अंगावरची खाकी दुसऱ्या कुणाची तरी वाटावी इतके वाळले होते. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मी पायांवर पाणी घातलं. गाव गोळा झालं. कसं होतं तिकडे, काय खायला देत होते, मारत होते का, असं जो तो विचारत होता. नाईक सगळ्यांना एकच उत्तर देत होते.

"झालं."

रात्र पडायच्या आत त्यांनी पत्र्याची ट्रंक उघडली. मी दाराआडून पाहत होते. कैदेतून सुटल्यावर काही महिने विलायतेत राहून आलेला माणूस. एखादा कंगवा असेल, रुमाल असेल, काचेच्या मण्यांची माळ असेल. कांबळं निघालं, ताटली निघाली, पट्टे निघाले. आणि अगदी तळातून, लोकरीच्या गळपट्ट्यात तान्ह्या पोराला गुंडाळावं तसं गुंडाळलेलं एक पुस्तक. मोठं, निळ्या कापडाच्या पुठ्ठ्याचं. उघडण्याआधी नाईकांनी दोन्ही हात धोतराला पुसले. माझा हात हातात घेताना त्यांनी कधी हात पुसल्याचं मला आठवत नव्हतं.

आत चित्रंच चित्रं होती. रंगीत, पानभर. लांब लाकडी घरं, उतरती गवताची छपरं, दाढीवाले पुरुष, भाले.

"ही कोन रं मानसं?" सासूबाईंनी विचारलं.

"सॅक्सन," नाईक म्हणाले. "इंग्रजांचं खापरपणजं."

घरात पाऊल टाकल्यापासून ते त्यांचं पहिलं सरळ वाक्य होतं.

दोन दिवसांनी आमचं गुऱ्हाळ पेटलं आणि नाईक तिकडेच राहायला गेले. ऊस राखायला कुणीतरी लागतंच, असं ते म्हणाले. माझ्या वाट्याला दुपारची भाकरी पोचवणं आणि बायकांबरोबर रस काढलेल्या उसाची चिपाडं पसरून वाळवणं, एवढं आलं. त्यामुळे मी त्यांना रोज पाहत होते, पण वाळत घातलेल्या चिपाडांच्या पल्याडून.

घरी मुका असलेला हा माणूस गुऱ्हाळावर बोलायचा. संध्याकाळी रसाच्या मोठ्या काहीलीखाली पेटलेल्या चुलाणाच्या उजेडात पाच-दहा माणसं जमायची, काकवी आणि भाकरी खायची आणि नाईक मांडीवर पुस्तक घेऊन बसायचे. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण प्रत्येक चित्राचं त्यांना काहीतरी ठाऊक होतं आणि ते सांगताना आवाज जरासा चढायचा, पूर्वी जत्रेतल्या कुस्त्यांचं सांगताना चढायचा तसा.

"आठ बैल?" तात्या म्हणायचा. तात्या आमचा गुळव्या. काहीलीतला रस कधी उतरवायचा हे त्याच्या डोळ्याला कळायचं, पण चित्रं पाहताना त्याचे डोळे लहान मुलाचे व्हायचे. "एका नांगराला आठ?"

"मोज की."

"मंजी रान जड असंल. आपल्या थोरल्या नांगरालाबी आठच लागत्यात. मानसं शानी हायती."

मग पायांना पट्ट्या गुंडाळलेला एक शेतकरी निघायचा. नाईक सांगायचे, पलटणीत आमाला ह्याच पट्ट्या देत्यात, गुडघ्यापतूर. मग ढाली: गोल, लाकडी, मध्ये लोखंडी वाटी. हात त्या वाटीच्या आत. तलवार फक्त सरदाराकडे, बाकीच्यांना भाला. मग राजाचा वाडा, मध्यभागी आगटी, धूर छपरातल्या भोकातून वर.

"मंजी इंग्रज बी आधी कुळवाडीच हुता म्हना की," कुणीतरी म्हणायचं आणि हशा पिकायचा. चळवळीचे दिवस होते. गावातली अर्धी पोरं रानोमाळ लपून फिरून आलेली. त्यांना नाईकांनी गोऱ्यांची चित्रं आणावीत हे आधी रुचलं नव्हतं. पण इंग्रजाचा खापरपणजा शेण काढताना दिसल्यावर त्यांचाही राग निवला.

एका पानावर समुद्रातून आलेली जहाजं होती, नाकाशी सापाचं तोंड कोरलेली.

"आन् ह्ये कोन?"

"ह्ये दर्यापल्याडनं आलं. सॅक्सनांची गावं लुटली, जाळली, राज्य केलं त्यांच्यावर."

"लय ब्येस झालं!" एक पोरगा ओरडला.

नाईकांनी त्याच्याकडे पाहिलं. "घरात बायाबापड्या हुत्या रं," एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

पुढे मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. इंग्रजांचं राज्य कसं आलं हा धडा दरवर्षी यायचा आणि मी मुलांना दरवर्षी त्या आठ बैलांचं सांगायची. मुलं खूष व्हायची. मी मात्र सांगताना नाईकांचीच वाक्यं वापरते आहे आणि ती वाक्यं त्यांना कुणी शिकवली होती, हे आठवून पुढच्या पानावर जायची घाई करायची.

कारण पुस्तकात ती होती. नाईकांचा हात त्या पानावर सगळ्यांत जास्त वेळ थांबायचा. लांब, पायघोळ, मातकट लाल वस्त्र; दोन खांद्यांवर दोन बिल्ले; त्या दोन बिल्ल्यांमध्ये मण्यांच्या माळा तोरणासारख्या झोके घेतलेल्या. डोक्यावरून पदरासारखं कापड. एका हातात चाती, दुसऱ्या हातातून लोकरीचा धागा सुटतोय. आणि कंबरेच्या पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा.

"घरधनीण हाय," नाईक सांगायचे. "किल्ल्या जिच्या कंबरंला, घर तिचं."

आमच्या घरच्या किल्ल्या सासूबाईंच्या कनवटीला होत्या. माझ्या गळ्यात काळी पोत आणि हातात काचेच्या बांगड्या, त्यांतल्या दोन लढाई चालू असतानाच फुटलेल्या. वाळल्या चिपाडाचा भारा उचलता उचलता मी त्या बाईकडे बघायची आणि मनात म्हणायची, बाई गं, तुला मरून हजार वर्षं झाली. तुला कशाला माझ्या नवऱ्याच्या मांडीवर जागा?

त्यात तात्याने एकदा विचारलं, "पुस्तक इकत घेतलंस व्हय रं?"

"एका बाईनं दिलं."

"मेमसायब?"

"मेमसायब न्हवं. बाई."

मेमसाहेब म्हणाले असते तर मला काही वाटलं नसतं. मेमसाहेब लांबची असते, टोपी घालून मोटारीतून जाते. बाई जवळची असते. बाईच्या घरी चूल असते, उंबरा असतो. त्या दिवसापासून चित्रातल्या बाईच्या मागे मला एक दुसरी उभी दिसायला लागली. तिच्या हातात काय होतं, कुणास ठाऊक. पण किल्ल्या नक्की होत्या.

सासूबाईंना दिसत होतं सगळं. एकदा चुलीपुढे म्हणाल्या, "होळी झाली की त्येला बेळगावला जायचं हाय. पलटणीत नाव ठिवायचं का कापायचं, ती तिथं इचारत्यात. नाव ठिवलं तर गेला पुन्यांदा. तू काय करनार हायस?"

"म्या काय करू? घरात येत न्हाईत ती."

"मग तू जा की. भाकरी ठिवतीस आन् पाठ फिरवतीस. बायको हायस का गडी?"

माझ्या मनात आलं, सांगावं यांना, की त्यांच्याजवळ आधीच एक बसलेली असते. पण असं सासूला कसं सांगणार?

आणखी एक गोष्ट नाईक सांगायचे. तिला चित्र नव्हतं, म्हणून ते राखेत बोटाने रेघा काढून सांगायचे. पुस्तक देणाऱ्या त्या बाईच्या मुलखात, लढाईच्या तोंडावर, एका टेकाडाखाली कुणा सरदाराचं थडगं सापडलं. त्याला अख्ख्या जहाजात घालून पुरलेलं. जहाजाचं लाकूड कधीच कुजून गेलं होतं. पण रेतीत त्याचा आकार तसाच उमटलेला, आणि खिळे जागच्या जागी, ओळीने. हे ऐकताना गडी वा वा म्हणायचे. मला वाटायचं, हे आपलंच सांगताहेत. आकार तोच, खिळे जागच्या जागी. लाकूड कुठे गेलं?

पौषात नाईकांचा एक दोस्त आला. मारुती त्याचं नाव, विट्याकडचा. दोघे एकाच दिवशी पकडले गेलेले, एकाच कैदेत राहिलेले आणि सुटल्यावर इंग्लंडच्या त्याच छावणीत काही महिने काढलेले. त्याने पलटणीतून नाव कापलं होतं आणि तो भावाच्या सोनं गाळायच्या दुकानात कुठे उत्तरेकडे निघाला होता. नाईक ऊस आणायला गाडी घेऊन गेले होते, म्हणून तो घरी आला. मी गुळाचा चहा दिला. सासूबाई परड्यात गेल्या तशी मी खांबाला धरून विचारलं,

"भावजी, ती पुस्तकवाली बाई कोन?"

मारुती गडबडला. मग त्याने कप खाली ठेवला. "नाईकानं सांगितलं न्हाई?"

"मला काईच सांगत न्हाईत."

"मास्तरीन हुती त्या गावची. छावनीतल्या लोकांना गावकरी घरी बोलवायची, चा प्यायला. आमी दोघं तिच्या वाट्याला आलो."

"म्हातारी?"

"न्हाई वैनी," मारुती म्हणाला. खोटं सांगायला त्याला जागा होती, पण तो साधा माणूस होता. "तिशीची असंल. तिचा मालक इमानदळात हुता. गेला लढाईत."

 म्हातारी असती, तर मी तिथेच तिला माफ केलं असतं.

"आईका तर खरं," मारुती म्हणाला. "कैदंतनं सुटलो तवा नाईक बोलत न्हवता. शेवटच्या हिवाळ्यात वाचाच बसली त्येची. डागदर म्हनला, घसा बरा हाय, बोलनं आत अडकलंय. आमी लय यत्न केलं. मी आयबहिनीवरनं शिव्या दिल्या. काई न्हाई. मग एक दिस त्या बाईनं ह्ये पुस्तक काढलं. तिच्या शाळंतल्या पोरांचं. पयलंच चित्र नांगराचं. तिनं त्यावर बोट ठिवलं आन् तिच्या भाषंत म्हनली, ह्ये काय? नाईक लय येळ बघत बसला. मग म्हनला, 'नांगर.' म्या शेजारी हुतो. मला रडू फुटलं वैनी."

मी चहाचं भांडं पुन्हा त्याच्या कपावर धरलं.

"मग रोज एक पान. बैल. भाला. लोकर. ती तिचं सांगायची, ह्यो आपलं सांगायचा. कुंपन दुरुस्त कर, बटाटं उकर, आन् मग एक पान." मारुती हसला. "तुमचं नाव अनुसया न्हवं?"

मी दचकले. माझं नाव घरात कुणी घेत नसे. सासूबाई अगं म्हणायच्या, आणि नाईक काहीच म्हणत नसत.

"तुमाला कसं ठावं?"

"ती किल्ल्या लावलेली बाई हाय की. तिच्यावर बोट ठिवून तिनं इचारलं, तर ह्यो म्हनला, 'अनुसया.' त्या मास्तरनीला वाटलं, आपल्यात बाईला अनुसयाच म्हनत्यात. मग काय! पान उलटलं आन् बाई दिसली की ती म्हनायची, 'अनुसया.' दूध काढनारी अनुसया, मागावर बसल्याली अनुसया, राजाची रानी बी अनुसया. नाईकानं तिला शेवटपतूर दुरुस्त केलं न्हाई."

दुसरी कुणी असती तर आनंदाने रडली असती. मला काय झालं ते सांगते. अनसूया म्हणजे जिला असूया नाही ती. आईबापांनी किती विश्वासाने ठेवलेलं नाव. आणि मला माझ्या त्या नावाचाच हेवा वाटला. ते परक्या घरात, परक्या बाईच्या तोंडी, रोज संध्याकाळी फिरत होतं. मी मात्र इथे चार वर्षं बिनहाकेची होते. आणि त्यांच्या अडकलेल्या गळ्यातून सुटलेला पहिला शब्द, आपल्या भाषेतला, आपल्या रानातला, तो तिने ऐकला होता. तिला त्याचा अर्थसुद्धा माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेले तेव्हा बैल सोडलेले होते. काहील रिकामी होती, तात्या चिपाडांच्या ढिगाआड घोरत होता. नाईक एकटेच चुलाणाजवळ बसले होते. मी टोपलं खाली ठेवलं, पण पाठ फिरवली नाही.

"मला दावा," मी म्हटलं.

"काय?"

"समद्या गावाला दावलं, त्ये."

त्यांनी हात पुसले आणि पुस्तक काढलं. पानं मी उलटली. लाकडी वाडा गेला. दगड लटकवून ताण दिलेला माग गेला. आठ बैल गेले. ती आली. मी तिच्यावर बोट ठेवलं.

"ह्ये काय?"

नाईक पान उलटायला लागले. मी बोट उचललं नाही.

"तिथं काय म्हनत हुता?"

त्यांचे कान लाल झाले. "मारुती बोलला व्हय," ते पुटपुटले.

"तिथं माजं नाव घ्याया जमलं. हितं आल्यापास्नं एक हाक न्हाई."

"तिथं तू न्हवतीस," नाईक म्हणाले. "म्हनून घेता आलं."

या वाक्यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. त्या दुपारी मात्र मला विचार करायचा नव्हता, विचारायचं होतं.

"ती दिसाया कशी हुती?"

"चांगली हुती."

"तुमचा जीव गुतला हुता?"

चुलाणातल्या राखेखाली काहीतरी फुटलं आणि ठिणगी उडाली. नाईक तिकडे बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "थोडा गुतला. खोटं कशापायी बोलू? चार वर्सांनी कुनीतरी मानसागत बोललं. पर मला हितंच याचं हुतं. तिलाबी ते ठावं हुतं."

नाही म्हणाले असते तर माझा विश्वास बसला नसता. हो म्हणाले, ते सोसवलं नाही. मी उठले. चार पावलं गेले असेन, मागून त्यांचा आवाज आला.

"ह्ये एक बघून जा."

मी वळले नाही, पण थांबले. पाठमोरीच. मला ठाऊक होतं ते कुठल्या पानाबद्दल बोलताहेत; लढाईचं पान ते गड्यांपुढे नेहमी भराभर उलटायचे.

"ढालीला ढाल लावून उभी ऱ्हात्यात ही," नाईक म्हणाले. "आमीबी तशीच हुतो. माज्या डावीकडचा पडला, तवा पल्याडच्यानं सरकून जागा भरली. मग त्योबी पडला. मग सरकाया कुनी ऱ्हायलंच न्हाई. मी तसाच हुबा. कुनीतरी यीऊन माज्या हातातली बंदूक काढून घेतली, तवा मला कळलं, की लढाई संपली."

हे त्यांनी गावाला सांगितलं नव्हतं. मला ते समजलं. तरीही मी वळले नाही, इतकी जळत होते. तशीच घरी आले. दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सासूबाई मुकाट्याने टोपलं उचलून स्वतः गेल्या.

चौथ्या दिवशी पहाटे मी दळायला बसले होते. थंडी कडक होती, जात्याचा खुंटा हाताला बर्फासारखा लागत होता. दार करकरलं. नाईक आत आले. काखेत पुस्तक होतं. ते त्यांनी फळीवर ठेवलं, माझ्यासमोर येऊन खाली बसले आणि माझ्या मुठीवर मूठ ठेवून खुंटा धरला. गड्याने दळलेलं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. सासूबाई माजघराच्या दारापर्यंत आल्या, पाहिलं आणि आल्या पावली परत गेल्या.

जातं फिरायला लागलं. मग नाईक बोलायला लागले. पुस्तक फळीवर होतं. समोर चित्र नव्हतं.

"थंडीत लय हाल हुतं कैदंत," ते म्हणाले. "बरफ. बटाट्याच्या सालीचं पानी. समदी आपल्या घरच्या खान्याच्या गोष्टी काढायची. कुनी पुरनपोळी, कुनी मटन. मला खान्याचं येतच न्हवतं मनात. मला जात्याचा आवाज याचा. आदी आई दळायची, मग तू आलीस. तुजा आवाज निराळा हाय."

"जात्याचा कसला निराळा आवाज?"

"तू मदीच थांबतीस. चार येढं घेतलंस की वाईच थांबतीस, मग पुन्यांदा. त्येची वाट बघायचो मी. तू थांबलीस की मी बी दम घ्यायचो."

मी मध्येच थांबते, हे मलाच माहीत नव्हतं. मला अजून ठाऊक नाही मी का थांबायची. लग्नानंतरच्या त्या थोड्याशा महिन्यांत अंथरुणात पडल्या पडल्या या माणसाने माझं थांबणं ऐकून ठेवलं होतं आणि ते बर्फापर्यंत नेलं होतं.

तरी माझ्या तोंडून निघालंच. "ह्ये तिला सांगितलंत?"

नाईकांनी मान हलवली. "न्हाई. ह्येचं चित्र न्हवतं त्यात."

पीठ जात्याभोवती साचत होतं. मी रडत होते की नाही ते आठवत नाही. हातावर त्यांचा हात होता आणि तो गरम होता, हे आठवतं.

माझा हेवा तिथे संपला, असं कुणाला वाटेल. तो संपला नाही. तो नुसता घरात राहायला आला. नाईकही आले. होळीनंतर ते बेळगावला गेले आणि मी आठवडाभर देवापुढचा दिवा विझू दिला नाही. परत आले ते पलटणीतून नाव कापूनच. पुढे आम्ही उदंड संसार केला, तीन मुलं झाली, किल्ल्या यथावकाश माझ्या कनवटीला आल्या. पण कधी पावसाळ्यात ते फळीवरून पुस्तक काढून बुरशी पुसत बसले, की मी भांडी जरा जोरात ठेवायची. त्यांना कळायचं. ते पान बदलायचे.

बेळगावहून ते परतले तेव्हा गुऱ्हाळाचे शेवटचे दिवस होते. आमचा गूळ सांगलीच्या पेठेत पायगोंडा अण्णांकडे जायचा. जैन अडत्या, बोलायला मऊ, हिशेबाला कडक. नाईक गाड्या घेऊन गेले होते. येऊन जेवायला बसले आणि सांगायला लागले, अण्णा वर्तमानपत्र वाचून सांगत होते की विलायतेत अजून साखर मोजून देतात, लढाई जिंकली तरी. एवढं बोलून त्यांनी पुढचा घास मोडला. भाकरीचा तुकडा आमटीत फिरवत राहिले.

मी आणखी आमटी वाढली. मग म्हटलं, "पाठवायचा असंल तर पाठवा की."

"काय?"

"गूळ. काय म्हनजे काय?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. अण्णांचा कुणी ओळखीचा मुंबईला होता, तो पार्सल बोटीवर चढवून देईल, असं ते चाचरत म्हणाले. म्हणजे विचारून आले होते. माझ्या छातीत जुनी कळ आली आणि गेली.

शेवटची काहील उतरली त्या दिवशी मी गुऱ्हाळावर गेले. लहान भेल्या ओळीने निवत ठेवल्या होत्या. नाईकांनी एक उचलली. कडेची, जराशी काळसर.

"एवढी पुरं," ते म्हणाले. माझ्यापुढे चांगली उचलायचा त्यांना धीर नव्हता.

"ठिवा ती," मी म्हटलं.

मी पदर खोचला आणि एकेक भेली पाहायला लागले. हिला राखेचा डाग, ती मऊ राहिलेली, तिसरीचा रंग उतरलेला. बोटाने वाजवून पाहिलं, तुकडा जिभेवर ठेवून पाहिला. तिच्या घरात माझं नुसतं नाव जाऊन राहिलं होतं, आता हातचं काहीतरी जाणार होतं. ते कडेचं काळसर जाऊन चालणार नव्हतं. शेवटी एक सापडली. केवड्याच्या रंगाची, टणक, कणीदार.

तात्या कमरेवर हात ठेवून बघत होता. "कुनासाटी गं एवढी निवडाया लागलीस? देवासाटी?"

"माज्या सवतीसाटी," मी म्हटलं.

चुलाणात चिपाडं सारणाऱ्या गड्याचा हात तसाच थांबला. तात्याचं तोंड उघडं राहिलं. आणि नाईक हसले. आधी नाकातून फुसकन, मग खांदे हलायला लागले, मग पोट धरून ते चिपाडांच्या ढिगावर बसलेच. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. काही न कळताच तात्याही हसायला लागला.

मी हसले नाही. भेली केळीच्या पानात गुंडाळली, वर जाड मांजरपाट घेतला, तात्याकडून दाभण आणि सुतळी मागितली आणि तिथेच मांडी घालून शिवायला बसले. टाके अगदी जवळजवळ घातले, दुहेरी, गाठीवर गाठ मारत. उसवताना तिचाही थोडा जीव जळावा म्हणून.